आतनं तीन, बाहेरनं दोन

१

"खुळा म्हणतोस व्हय रं मला? तीस वर्सं कोल्ड स्टोरेजची कामं केली म्या, आन् आता तू शिकिवणार फॉइल कुठल्या बाजूला लावायचं? अरं, खिळा तरी सरळ ठोकता येतो का तुला? तुझा हात म्हंजे पत्र्यावर उंदीर पळतोय! टकटकटकटक! बापाला शिकिवतोय!"

यशवंत भिंतीशी भांडत होता. ज्याच्याशी भांडायचं होतं तो सिद्धेश सकाळी साडेसहालाच गाडी काढून नेकारसुल्मला कारखान्यात गेला होता. जाता जाता गॅरेजमध्ये डोकावला आणि म्हणाला, "अण्णा, हे उलटं लागलंय. इथं फॉइल आतल्या अंगानं लावतात. शनिवारी दोघं मिळून सगळं काढू आणि परत लावू." एवढं बोलून पोरगा गेला, आणि इकडं बापाचं डोकं जे फिरलं ते दुपार झाली तरी जाग्यावर आलं नव्हतं.

माणूसच तसा. राग नाकावर. बायको सुधा होती तोवर ती ऐकून घ्यायची. गेल्या श्रावणात ती गेली आणि घरात भांडायला कुणी उरलं नाही, तेव्हा पोरानं त्याला तासगावहून इकडं जर्मनीला आणलं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं कचऱ्याच्या डब्यावरनं शेजाऱ्याशी भांडण काढलं. मराठीतनं! तो जर्मन बिचारा नुसता "या, या", म्हंजे "हो, हो", करत मागं सरकला. घरात बसून काय करणार? रोज एकच घोशा, "तिकीट काढ माझं." शेवटी सिद्धेशनं मागल्या गॅरेजची चावी त्याच्या हातात दिली. "अण्णा, हे तुमचं. करा इथं तुमचं सुतारकामाचं दुकान. मग तरी राहाल ना?"

गॅरेज म्हंजे सिमेंटची पेटी. बादलीत पाणी ठेवलं तर सकाळी वर बर्फाची पापडी. यशवंतनं एका नजरेत माप घेतलं. आधी सिमेंटला ओल अडवणारं फॉइल चिकटवायचं, त्यावर लाकडी रिपा, रिपांमध्ये काचेची लोकर ठासायची, वरनं फळ्या. जन्मभर हेच केलेलं. पोरासोबत बाउमार्क्टला, म्हंजे बांधकामाच्या मालाच्या दुकानाला, जाऊन एका फेरीत सगळा माल आणला. दाराला आतल्या बाजूनं लाकडी दुसरं दार पण बसवलं, जाड, फट नसलेलं.

कोल्ड स्टोरेजमध्ये फॉइल बाहेरच्या अंगालाच लागतं. गारवा आत कोंडून ठेवायचा असतो ना. राहत्या जागेत उलटं, ऊब कोंडायची असते.

हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. पोराचं म्हणणं रास्त आहे हे त्याला सकाळीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. त्यानं रागारागात मागल्या भिंतीवर आणखी चार फळ्या ठोकल्या, अवजारं गोळा केली आणि दार ओढलं. मोबाईलवर सात वाजले होते. मोबाईल त्यानं अजून भारताच्या टायमावरच ठेवला होता. इथं दुपारचे अडीच.

दार लावताना त्यानं तळहातानं दारावर थाप मारली आणि ओरडला, "आत कोण हाय का?"

ही सवय. स्टोरेजला कुलूप घालण्याआधी ओरडायचंच, थांबायचं, मग कुलूप. आत माणूस असला तर त्यानं तीन थापा मारायच्या. बाहेरच्यानं दोन. म्हंजे ऐकलं, उघडतो. नियम होता तो.

आतनं तीन थापा आल्या.

२

त्यानं दार उघडलं. बल्ब चालू होता. करवत, रंधा, फळ्यांचा ढीग, हीटर, भिंतीवर खिळ्याला टांगलेला थर्मामीटर. माणूस नाही. मांजर पण नाही.

'बाहेरल्या दाराचा पत्रा असंल,' त्यानं स्वतःला सांगितलं. 'थंडीनं आखडतो आन् वाजतो.' पण पत्रा तीनच वेळा, तेही सारख्या अंतरानं कसा वाजेल? 'वाजला असंल. पत्र्याला काय अक्कल हाय?'

घरात जाऊन जेवला. सून मीनल लॅपटॉप लावून मीटिंगमध्ये होती, तिनं खुणेनंच आमटी गरम करून घ्या म्हणून सांगितलं. यशवंतनं गार आमटीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजमध्ये गेला तर थर्मामीटरवर चार. हीटर रात्रभर चालू राहिला होता. त्यानं मीटर झटकला, काच पुसली, हीटरच्या पुढ्यात धरला. काटा वर चढला. परत खिळ्याला टांगला, बघता बघता चारवर आला.

चार हा आकडा त्याला झोपेत विचारला असता तरी त्यानं सांगितला असता. बेदाणा चारवर ठेवतात.

३

त्या दिवशी मीनल चहा घेऊन आली. पुण्याची पोरगी, बोलायला फटकळ, पण सासऱ्याचा चहा कधी चुकवला नाही.

"अहो अण्णा, हीटर लावूनसुद्धा इतकं गार? मग ह्या इन्सुलेशनचा उपयोग काय?"

"तू बी तेच सांगायला आलीस व्हय?"

"नाही हो. चहा द्यायला आले. भांडायचं असेल तर सिद्धेशशी भांडा, माझी पाचला डेडलाईन आहे."

यशवंत हसला. बऱ्याच दिवसांनी. आणि तेवढ्यात मागल्या भिंतीतनं आवाज आला. धप. धप. धप.

मीनलनं कप खाली ठेवला. "शेजारी काहीतरी ठोकतायत का?"

"तुला बी ऐकू आलं?"

"म्हणजे काय? एवढा मोठा आवाज." ती बाहेर गेली, गॅरेजला वळसा घालून आली. बूट बर्फानं भरलेले. "मागे तर काहीच नाहीये. नुसतं कुंपण. आणि बर्फावर कोणाच्या पायांचे ठसे पण नाहीत." ती थोडा वेळ त्या भिंतीकडं बघत उभी राहिली. "पाण्याचा पाईप असेल. गोठला की वाजतो म्हणतात."

"गॅरेजमधी पाईप कुठाय?"

 मीनलनं कप उचलला आणि ती भरभर घरात गेली.

मोबाईलवर सात वाजून चार मिनिटं झाली होती. परत वाजलं. तीन. आणि यशवंतचा हात आपोआप वर गेला, भिंतीवर पडला. दोन.

लगेच आतनं तीन आले. घाईनं. बरं वाटल्यासारखे.

४

आता इथं कुंदाचं सांगायला पाहिजे. यशवंतनं ते सुधाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षांमागं. ज्या स्टोरेजमध्ये तो सुतारकी करायचा, तिथंच संध्याकाळी कुलूप लावायचं कामही त्याच्याकडं होतं. त्या दिवशी मुकादमाशी त्याची जुंपली. कशावरनं ते आज आठवत पण नाही. डोक्यात राख घालून त्यानं दाणकन दार लोटलं, कुलूप घातलं, आणि घरी जाऊन भाकरी खाऊन झोपला. थाप मारली नाही. ओरडला नाही.

सकाळी सहाला दार उघडलं तर उंबऱ्याशी कुंदा. बेदाणा निवडणारी बाई, तिशीची. अंगावर नुसतं सुती लुगडं, ओठ निळे, पण जिवंत. अकरा तास. डॉक्टर म्हणाला, हिनं हातपाय हलवत ठेवले म्हणून वाचली.

कुंदानं तक्रार केली नाही. कुणाला नाव सांगितलं नाही. बरी होऊन परत कामाला आली, आणि यशवंत दिसला की मान हलवून हसायची. ते हसणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, उलटी वळलेली. कधी मोडली, कशानं मोडली, त्यानं कधी विचारलं नाही. ती समोरनं आली की हा वाट बदलायचा.

आणि आता ह्या परमुलखात, सिमेंटच्या पेटीत, तीन थापा.

५

गुरुवारी त्यानं ठरवलं की काय तो सोक्षमोक्ष लावायचा. अडीच वाजता आवाज सुरू झाला. आदल्या दिवशीपेक्षा जास्त वेळ चालला. जेवढ्या फळ्या लागत होत्या, फटी बुजत होत्या, तेवढा आवाज जास्त वेळ टिकत होता. यशवंतनं जिथनं आवाज येतो तिथली फळी स्क्रू काढून बाजूला केली. लोकर ओढून काढली.

मागं फॉइल. फॉइलवर दव गोठून पांढरी भुकटी साठलेली. फॉइलमागं सिमेंट, मध्ये बोट शिरायला जागा नाही. त्यानंच चिकटवलेलं, स्वतःच्या हातानं.

फॉइल त्याच्या दिशेनं फुगलं.

धप. खाली बसलं. धप. परत फुगलं. तिसऱ्या वेळेला ते फुगलेलंच राहिलं, आणि पांढऱ्या भुकटीत पाच बोटं उमटली. मनगटाच्या जागी एक बारीक गोल, बांगडीचा. डावा हात.

 यशवंतनं डोकं जाग्यावर ठेवून बघितलं. करंगळी बघितली.

सरळ होती. बाकीच्या बोटांसारखीच सरळ.

"न्हवं," तो मोठ्यानं म्हणाला. "कुंदा न्हवं. कुंदाची करंगळी वाकडी हाय." एवढं बोलून तो फळ्यांच्या ढिगावर बसला. कुंदा नाही, मग कोण? कोण का असेना. आत माणूस आहे आणि त्याला गार लागतंय, एवढं खरं.

मग त्यानं कुणीही शहाणा माणूस करील तेच केलं. चाकू घेतला आणि फॉइल फाडलं.

मागं सिमेंट. कोरडं, करडं सिमेंट. आणि आवाज लांब गेला. एकदम लांब, डोंगरापल्याडनं आल्यासारखा. धप... धप... आणि तिसरा आलाच नाही.

यशवंत येड्यासारखा टेप शोधायला लागला. त्यानं फाटलेलं जोडलं, वरनं दुसरी पट्टी मारली, तिसरी मारली, लोकर कोंबली, फळी लावली. भिंतीला कान लावून बसला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आले. तीन. दमलेले.

त्यानं दोन दिले. चार वेळा दोन-दोन दिले, तोवर आवाज विरून गेला.

संध्याकाळी सिद्धेश आला तेव्हा बाप जेवायच्या टेबलाशी बसला होता. "अण्णा, शनिवारी मी सकाळी आठलाच सुरू करतो हं," सिद्धेश म्हणाला. "ते फॉइल एकदा निघालं की बाकीचं पटपट होईल."

"काढू नगं," यशवंत म्हणाला.

"अहो अण्णा, भिंत सडेल आतून! मोल्ड, बुरशी येईल. परत तेच भांडण नको ना."

यशवंत भांडला नाही. त्याचीच मीनलला जास्त भीती वाटली.

६

शुक्रवारी मीनलचा श्टुटगार्टच्या ऑफिसला जायचा दिवस. घरात यशवंत एकटा. दुपारी दोनला त्यानं सुधाचा जुना मोबाईल काढला. तो त्यानं चार्ज करून उशाशी ठेवलेला असायचा, कशासाठी ते विचारू नये. नावं खाली खाली सरकवत गेला तर एक नाव दिसलं. 'कुंदा स्टोरेज.'

सुधाकडं कुंदाचा नंबर कशाला?

त्यानं लावला.

"कोण?" बाईचा आवाज. मागं कुकरची शिट्टी.

"मी... यशवंत. सुतार. सुधाचा."

"आगं बया! यशवंतदादा! फॉरेनला गेलायसा म्हनं. वैनीचं कळलं मला, लै वंगाळ झालं. दर दिवाळीला लुगडं धाडायची माझ्यासाटनं. मी म्हनायची, कशाला वैनी? तर म्हनायची, आमच्या यडपटाकडनं हाय म्हन."

यशवंतनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुंदा, तू बरी हाईस न्हवं?"

"जिती हाय की! गुडघं दुखत्यात, बाकी झ्याक. का वो?"

"त्या राती... मी हाक मारायची इसरलो. दार लावताना."

 कुंदा हसली. "त्ये काय आज काढताय? आवो, तुमच्यामुळंच तर वाचले मी."

"माझ्यामुळं?"

"मग? सातला दार लागलं आन् मी तीन थापा मारल्या. लगी दोन आल्या न्हवं का तुमच्या? मागल्या भिंतीकडनं. मी म्हनलं, दादाला ऐकू गेलं, किल्ली घावंना झालीया. मग तीन मारायच्या, दोन यायच्या. तीन, दोन. त्याच्या जीवावर हुभी राहिले म्या. न्हायतर पैल्या तासातच बसले असते खाली."

यशवंत त्या रात्री घरी घोरत पडला होता.

हे त्याच्या ओठावर आलं होतं. एकोणीस वर्षं ही बाई मान हलवून हसत होती ते ह्याच्यासाठी. त्यानं तोंड उघडलं, पण कुंदा बोलतच होती.

"मधी येकदा मातुर तुमचा हात थांबला बगा. पैल्यांदा जड हात व्हता, तुमचाच, वळखू यायचा. रातच्या धाच्या सुमाराला आसंल, येकदम बंद झाला. मी मारतीया, मारतीया, काय न्हाई. तवाच ही करंगळी मोडली माजी. बुक्क्या घालून घालून. म्हनलं, संपलं आता. बसले खाली. आन् मग परत आल्या दोन. पन तुमच्या न्हवत्या त्या. हलक्या, घाईच्या. पत्र्यावर उंदीर पळाल्यागत. सकाळपातूर त्योच वाजवत व्हता. कोन व्हता वो त्यो? कवापास्नं इचारीन म्हंते."

यशवंतनं खिडकीतनं मागल्या गॅरेजकडं बघितलं.

"दादा? हाय का फोनवर?"

"हाय," तो म्हणाला. "कुंदा, तुझी करंगळी. त्या रातीच मोडली? आदी सरळ व्हती?"

"सरळ म्हंजे? देवानं दिल्यागत व्हती की!"

मोबाईलवर सातला दोन मिनिटं होती.

७

त्यानं शेवटची फळी लावली. ती राहिली होती. आता कुठंच फट नव्हती. दार आतनं ओढून घेतलं, कडी घातली नाही. थर्मामीटर बघितला नाही, बघायची गरज नव्हती.

धप. धप. धप.

त्यानं हातोडीच्या दांड्यानं दोन दिले. जड, ठाम. ऐकलं. उघडतो.

उघडणार कुठनं होता तो? पण ती तिकडं, एकोणीस वर्षांमागल्या त्या रात्री, उभी होती, सुती लुगड्यात, करंगळी अजून सरळ असलेली, आणि तिला वाटत होतं की दादा किल्ली शोधतोय. मग शोधू दे दादाला. दादा शोधत राहील.

तीन. दोन. तीन. दोन.

सव्वासात. आठ. मध्ये एकदा त्याला वाटलं, आपल्यालाच भ्रम झालाय. म्हातारा माणूस, बायको गेलेली, परका देश. पोराला दिसलं तर डॉक्टरकडं नेईल. बरं, मग नेऊ दे. भ्रम असला तर काय बिघडतं? चार ठोके जास्त. आणि भ्रम नसला तर? त्यानं हातोडी थांबवून बघायचं का, भ्रम आहे की नाही ते? एकदा झोपलो होतो मी, त्यानं मनात म्हटलं. बास तेवढं.

नऊ वाजले. इथं साडेचार. खिडकी नव्हती, फट नव्हती, पण बाहेर अंधारून आलं असणार. उजवा हात सुजला म्हणून त्यानं हातोडी डाव्या हातात घेतली. थोड्या वेळानं डाव्या दंडात कळ आली. खांद्यापर्यंत गेली, तिथनं छातीत उतरली आणि बसली. कामाची कळ वेगळी असते, ही तसली नव्हती. यशवंतला फरक कळत होता.

रातच्या धाच्या सुमाराला, कुंदा म्हणाली होती, म्हंजे इथल्या साडेपाचला. येकदम बंद झाला.

त्यानं पोराला फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला. कारखान्यात फोन कपाटात ठेवतात, सुटल्यावर हातात येतो. सिद्धेश पाचला सुटतो. कारखान्यापासनं घर पंचवीस मिनिटं.

आतनं तीन आले. त्यानं दोन दिले. दुसरा जरा उशिरा पडला.

मग त्यानं फोन तोंडाशी धरला, बटण दाबलं आणि पोरासाठी बोलून ठेवलं. मध्ये मध्ये ठोके पडतच होते.

"सिद्धेश. फॉइल उलटं लागलंय. तुझं बराबर हाय, माझं चुकलं. पर काढू नगं. हात बी लावू नगं त्येला. मी खाली पडल्यालो दिसलो तर आदी माझ्याकडं बघू नगं, आदी भिंतीकडं जा. आतनं तीन वाजतील. तू दोन द्यायचे. सकाळपातूर. म्हंजे इथल्या रातच्या दीडपातूर, तिकडं सहा वाजत्यात तवर. तुझ्या हातानं दे, मी तुझ्या हाताला नावं ठेवली ती इसर. त्योच हात पायजे तिला. मधी खंड पडला तर तिची करंगळी मोडती, म्हणून खंड पाडू नगं. इचारू नगं काय. गाडी काढ. ये. हातोडी घे."